लिनक्स सर्व्हरची डिस्क किंवा फाइल सिस्टिम बिघडली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालयातला, संस्थेतला किंवा छोट्या कंपनीतला लिनक्स सर्व्हर ज्यांना एकट्याने सांभाळावा लागतो, त्यांच्यासाठी हे पान आहे. सगळ्या उत्तरांमागे एकच क्रम आहे: आधी डिस्क तपासा, मग नक्कल घ्या आणि दुरुस्ती त्या नकलेवर करा. कमांडची नावे देवनागरीत दिली आहेत. चालवण्याआधी मॅन पेज उघडून पर्याय एकदा ताडून घ्यावेत.

'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा एरर येतो आणि सर्व्हरवर काहीच लिहिता येत नाही. रिबूट करू का?

लगेच तरी नको. डेबियनचा इन्स्टॉलर आणि उबुंटूचा जुना इन्स्टॉलर एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचे याची फाइल) रूट म्हणजे मुख्य पार्टिशनच्या ओळीत 'एरर्स=रीमाउंट-आरओ' असे लिहून ठेवतो. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमच्या रचनेत गफलत सापडली की त्या सूचनेप्रमाणे कर्नल लिहिणे थांबवतो, म्हणजे नुकसान आहे तिथेच अडते. जबरदस्तीने पुन्हा रीड-राइट माउंट करून ही सोय मोडू नका.

रूटवर लिहिणे बंद झाले की जर्नलडीलाही (लॉग नोंदवणारी सेवा) डिस्कवर काही नोंदवता येत नाही. बिघाडाचा पुरावा तेवढा कर्नलच्या मेमरीतल्या लॉगमध्ये राहतो आणि रिबूट केले की तोही जातो. म्हणून उघडे असलेले एसएसएच सेशन बंद न करता डीमेसेजचे (तो लॉग दाखवणारी कमांड) सगळे आउटपुट आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्या.

मग सेवा थांबवा आणि डिस्क वाचू देते आहे तोवर महत्त्वाचा डेटा आरसिंकने दुसऱ्या मशीनवर ओढून घ्या. त्यासाठी सर्व्हरवर काही लिहावे लागत नाही. ओढताना मोलाचे आधी: डेटाबेसची डिरेक्टरी, लोकांनी अपलोड केलेल्या फाइली, ईटीसी फोल्डर, क्रॉनटॅब. जे पुन्हा इन्स्टॉल करता येते त्याच्यामागे वेळ घालवू नका. एकदा बंद केलेला सर्व्हर परत उठेलच याची खात्री नसते, त्यामुळे ही संधी सोडू नये.

बिघाड डिस्कचा की फाइल सिस्टिमचा, हे कसे ओळखायचे?

लॉग वरून खाली वाचा. बहुतेक जण शेवटची ओळ पाहतात आणि तिथे ईएक्सटी४चे नाव दिसले की एफएससीकेकडे (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) धावतात. पण मूळ कारण पहिल्या ओळीत असते, खालच्या ओळी त्याचे परिणाम असतात.

साटा डिस्क खरोखर मरत असेल तर क्रम साधारण असा दिसतो. आधी 'एटीए३.००: एक्सेप्शन', मग 'फेल्ड कमांड: रीड', त्याखाली महिरपी कंसात 'यूएनसी' ही तीन अक्षरे, मग 'आय/ओ एरर, डेव्ह एसडीबी, सेक्टर' आणि पुढे एक आकडा. एवढे झाल्यावर मग 'ईएक्सटी४-एफएस एरर' आणि सगळ्यात शेवटी 'रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली'. 'यूएनसी' म्हणजे डिस्कला तो सेक्टर वाचता आला नाही आणि दुरुस्तही करता आला नाही. इथे फाइल सिस्टिमचा काही दोष नाही.

'यूएनसी'च्या जागी 'आयसीआरसी' दिसत असेल आणि 'हार्ड रीसेटिंग लिंक' पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी केबल, बॅकप्लेन आणि पॉवरची जोडणी पाहा. साटा केबल बदलली आणि सगळे शांत झाले, असे पुष्कळदा घडते.

आय/ओ एररची एकही ओळ नसताना थेट ईएक्सटी४च तक्रार करत असेल, म्हणजे चेकसम जुळत नाही किंवा पुसलेल्या आयनोडकडे (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) डिरेक्टरी बोट दाखवते आहे, तर वीज अचानक जाणे, रॅम किंवा कंट्रोलर यांच्यावर संशय घ्या.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये एक फसवी गोष्ट आहे. रचनेत गडबड दिसली की एक्सएफएस स्वतःला बंद करून घेते आणि त्यानंतर त्या माउंटवरची प्रत्येक कमांड 'इनपुट/आउटपुट एरर' दाखवते. डिस्क गेली असे वाटते, पण डिस्क ठणठणीत असू शकते. लॉगमध्ये 'शटडाउन' हा शब्द आणि त्याच्या आधीची ओळ शोधा.

स्मार्ट अहवालात नेमके काय पाहायचे?

स्मार्ट ही डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. स्मार्टसीटीएल या कमांडने मिळणाऱ्या तिच्या अहवालात वरच 'पास्ड' लिहिलेले असते. त्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच की उत्पादकाने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडली गेलेली नाही. शेकडो सेक्टर वाचता येत नसतानाही 'पास्ड' दाखवणाऱ्या डिस्क असतात.

रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात चार आकडे पाहा. क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. १९८ म्हणजे ऑफलाइन तपासणीत दुरुस्त न झालेले. १९९ म्हणजे डेटा केबलवरून येताजाताना झालेल्या चुका. १९७ शून्याच्या वर असेल तर डेटा आताच धोक्यात आहे. ५ चा आकडा स्थिर असेल तर लक्ष ठेवा, आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल तर केबल बदला. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो जिथल्या तिथे थांबला का, एवढेच पाहायचे. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये क्रमांक १ आणि ७ चे रॉ आकडे अवाढव्य दिसतात, त्यांनी घाबरून जाऊ नका.

एनव्हीएमई एसएसडीचा अहवाल वेगळा असतो. तिथे 'क्रिटिकल वॉर्निंग', 'अव्हेलेबल स्पेअर' आणि 'मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स' पाहा. 'परसेंटेज यूज्ड' १०० च्या पुढे गेले तरी ड्राइव्ह चालू राहू शकतो, पण तो उसन्या आयुष्यावर चाललेला असतो.

स्मार्टची लाँग टेस्ट सगळी डिस्क वाचते आणि मोठ्या डिस्कवर कित्येक तास चालते. नक्कल घेण्याआधी मरणाऱ्या डिस्कला हा व्यायाम देऊ नका.

मग एफएससीके कधी चालवायचे?

डिस्क निरोगी आहे किंवा समोर आहे ती नक्कल आहे, याची खात्री झाल्यावर.

एफएससीके फाइल सिस्टिमची रचना सुसंगत करते. तुमचा डेटा वाचवणे हे तिचे काम नाही. एखादी डिरेक्टरी वाचता येत नसेल तर तिच्यातल्या नोंदी काढून टाकणे हाही तिच्या दृष्टीने योग्य उपाय असतो. त्यात ब्लॉक वाचताना चूक झाली की ई२एफएससीके (ईएक्सटी४साठीची एफएससीके) विचारते, चूक दुर्लक्षित करू का, आणि मग, त्या ब्लॉकवर जबरदस्तीने पुन्हा लिहू का. तुम्ही आधीच 'वाय' पर्याय दिला असेल तर दोन्ही प्रश्नांना होकार जातो. खराब डिस्कवर हे घडले तर जे डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची नक्कल घेणारी कमांड) कदाचित तिसऱ्या प्रयत्नात वाचले असते, ते कायमचे जाते.

माउंट केलेल्या फाइल सिस्टिमवर ती कधीही चालवू नये. 'एन' पर्यायाने नुसती तपासणी केली तरी रीड-राइट माउंट असताना नसलेल्या चुका दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो.

खराब डिस्कची नक्कल कशी घ्यायची?

ग्नू डीडीरेस्क्यूने. डेबियन-उबुंटूत पॅकेजचे नाव जीडीडीरेस्क्यू आहे, कमांड मात्र डीडीरेस्क्यूच. नावाशी मिळतीजुळती पण मध्ये अंडरस्कोर असलेली दुसरी कमांडही मिळते, तिचे पर्याय निराळे आहेत.

साधी डीडी इथे कामाची नाही. पहिल्या चुकीलाच ती थांबते. 'नोएरर' आणि 'सिंक' देऊन पुढे रेटली तर मोठ्या ब्लॉकमधला चांगला भागही शून्यांनी भरून टाकते, आणि काय वाचले, काय राहिले याचा हिशेब ठेवत नाही.

सर्व्हर लाइव्ह यूएसबीवरून सुरू करा. जुनी डिस्क माउंट करू नका. नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त आकाराची हवी. मॅपफाइल (काय वाचले, काय राहिले याचा हिशेब) तिसऱ्या ठिकाणी ठेवा, एखादा पेनड्राइव्हही चालेल. मग एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये डिस्कचा सीरियल नंबर दिसेल असा रकाना मागवून तो डिस्कवरच्या लेबलशी ताडा. कमांडमध्ये पहिले नाव जुन्या डिस्कचे, दुसरे नव्या डिस्कचे, तिसरे मॅपफाइलचे. पहिली दोन नावे उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. त्यामुळे एंटर दाबण्याआधी शेजारच्या माणसाला ओळ वाचून दाखवा.

पहिली फेरी 'एन' आणि 'डी' पर्यायांनी. 'एन' म्हणजे जिथे अडेल तिथे खरवडत न बसता पुढे जा, 'डी' म्हणजे कर्नलची कॅश टाळून थेट वाच. या फेरीत सहज मिळणारा डेटा भराभर उतरतो. मरणाऱ्या डिस्कचा उरलेला वेळ मोजका असतो आणि तो आधी चांगल्या भागावर खर्च व्हायला हवा. दुसऱ्या फेरीत तीच मॅपफाइल देऊन 'आर३' लावा, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न होईल. मध्ये वीज गेली, डिस्क गायब झाली, तरी मॅपफाइल असल्यामुळे काम पुढून सुरू होते. पडद्यावर 'शेवटचे यशस्वी वाचन' किती वेळापूर्वी झाले ते दिसते. तो वेळ वाढतच चालला तर थांबवा, डिस्क थंड होऊ द्या, पॉवर काढून लावा आणि पुढे चालू करा.

नक्कल झाली की जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख घालून चिठ्ठी लावा. दोन्ही डिस्कचे यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) सारखेच असतात. दोन्ही जोडून सर्व्हर सुरू केला तर कोणती माउंट होईल याचा भरवसा नाही.

काही सेक्टर वाचलेच नाहीत. कोणत्या फाइली गेल्या हे कळेल का?

ईएक्सटी४वर कळते, आणि हे काम करण्यासारखे आहे. अनेकदा तो खराब सेक्टर जुन्या लॉगमध्ये किंवा रिकाम्या जागेत निघतो आणि जीव भांड्यात पडतो.

समजा लॉगमध्ये सेक्टर १०५०६२४ आहे आणि पार्टिशन सेक्टर २०४८ पासून सुरू होते. वजाबाकी केली की १०४८५७६ येतात. हे सेक्टर ५१२ बाइटचे आणि फाइल सिस्टिमचा ब्लॉक ४०९६ बाइटचा, म्हणून ८ ने भागायचे: ब्लॉक क्रमांक १३१०७२. आता डीबगएफएसमध्ये त्या पार्टिशनची नक्कल उघडून 'आयचेक' आणि हा आकडा द्या. तो आयनोड क्रमांक सांगेल. तो क्रमांक 'एनचेक'ला द्या, फाइलचा पूर्ण पत्ता मिळेल. 'आयचेक'ने 'ब्लॉक नॉट फाउंड' म्हटले तर तो ब्लॉक कोणत्याही फाइलचा नाही. पार्टिशन एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारा मधला थर) असेल तर वजाबाकीत एलव्हीएमचा ऑफसेटही धरावा लागतो.

डिस्क टकटक आवाज करते.

बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. हेड (वाचणारा भाग) प्लॅटरवर (आतल्या चकतीवर) घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला डेटा खरवडून निघतो. डेटा पैशापेक्षा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे द्या. डिस्क उघडणे, ठोकणे, फ्रीजमध्ये ठेवणे यांतले काहीही करू नका.

सर्व्हर सुरू होताना 'इमर्जन्सी मोड' किंवा 'इनिटरॅमएफएस' वर अडकतो.

दोन्हींत फरक आहे. 'इनिटरॅमएफएस' असा कंसातला प्रॉम्प्ट आला म्हणजे रूट फाइल सिस्टिमच माउंट झालेली नाही. तिथे 'एक्झिट' टाइप केले की बहुधा अडचण कोणत्या पार्टिशनवर आहे ते पडद्यावर येते. डिस्क निरोगी असल्याची खात्री असेल तर तिथूनच एफएससीके चालवता येते. खात्री नसेल तर लाइव्ह यूएसबी गाठा.

इमर्जन्सी मोडमध्ये रूट मिळालेले असते, अडलेली असते दुसरीच एखादी गोष्ट. एफएसटॅब आधी पाहा. काढून टाकलेली बॅकअप डिस्क, फॉरमॅट केल्यामुळे बदललेला यूयूआयडी, टाइप करताना झालेली चूक, यांतलेच काही बहुतेक वेळा सापडते. सिस्टिमडी अशा डिस्कसाठी ९० सेकंद वाट पाहते आणि मग हात टेकते. ज्या डिस्कशिवाय सर्व्हर चालू शकतो तिच्या ओळीत 'नोफेल' लिहा.

उबुंटूत रूटचा पासवर्ड मुळातच कुलूपबंद असतो, म्हणून काही वेळा इमर्जन्सी शेल उघडत नाही. अशा वेळी लाइव्ह यूएसबी किंवा ग्रबमध्ये (सुरू होतानाच्या मेनूत) कर्नलच्या ओळीला 'इनिट=/बिन/बॅश' जोडणे हे दोन मार्ग उरतात.

ईएक्सटी४ची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने सांगाल का?

पार्टिशन अनमाउंट. 'एन' पर्यायाने ई२एफएससीके चालवून आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि खरोखर वाचा. मोकळ्या ब्लॉकांची संख्या चुकली आहे, ऑर्फन (कोणत्याही डिरेक्टरीत नाव नसलेले) आयनोड आहेत, एवढेच असेल तर किरकोळ मामला आहे, 'पी' पर्याय पुरेल. एकाच ब्लॉकवर अनेक फाइलींचा दावा, हजारो आयनोड अवैध, रूट डिरेक्टरी गायब, असे काही दिसले तर हात आखडा आणि नकलेची आणखी एक नक्कल करून ठेवा.

'झेड' या पर्यायाची माहिती फार कमी जणांना असते. त्याला फाइलचे नाव दिले की ई२एफएससीके प्रत्येक ब्लॉक बदलण्याआधी जुना मजकूर त्या फाइलमध्ये ठेवते, आणि निकाल पटला नाही तर ई२अनडूने सगळे पूर्ववत करता येते. ही फाइल अर्थातच दुसऱ्या डिस्कवर हवी.

सुपरब्लॉकच (फाइल सिस्टिमची मुख्य नोंद) खराब असेल तर त्याच्या प्रती असतात. ४ केबीच्या ब्लॉकवर त्या ३२७६८, ९८३०४, १६३८४०, २२९३७६, २९४९१२ अशा ठिकाणी सापडतात. 'बी' पर्यायाने त्यांपैकी एक आकडा द्या. प्रतींची यादी मिळवायला एमकेई२एफएस ही फाइल सिस्टिम बनवणारी कमांड 'एन' पर्यायाने चालवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बरोबर आहे, पण तो एक 'एन' विसरला तर पार्टिशन फॉरमॅट होते. वरचे आकडे आधी वापरून पाहा.

शेवटी एक्झिट कोड पाहा. ० म्हणजे चूक नाही, १ म्हणजे चुका दुरुस्त झाल्या, २ म्हणजे दुरुस्त झाल्या पण रिबूट हवे, ४ म्हणजे काही चुका तशाच राहिल्या, ८ म्हणजे कमांडच नीट चालली नाही. ० येईपर्यंत पुन्हा चालवा.

आमच्याकडे एक्सएफएस आहे. एफएससीके चालवली तर क्षणात 'यशस्वी' म्हणून परत येते.

कारण एक्सएफएससाठी एफएससीके काहीच करत नाही, ती मुद्दामच तशी ठेवली आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ (२०१४) पासून एक्सएफएस ही त्या घराण्याची नेहमीची फाइल सिस्टिम आहे, त्यामुळे रॉकी आणि अल्मावरही हा प्रश्न येतो.

आधी ती एकदा माउंट करून अनमाउंट करा. माउंट होताना एक्सएफएसच्या स्वतःच्या लॉगमधले (बदलांच्या नोंदीतले) अर्धवट बदल पूर्ण होतात आणि कधी कधी तेवढ्यानेच काम भागते. मग एक्सएफएस-रिपेअर 'एन' पर्यायाने, आणि नंतर पर्यायाशिवाय. लॉग शिल्लक असेल तर ती दुरुस्ती नाकारते आणि मोठा 'एल' पर्याय सुचवते. हा पर्याय लॉग पुसून टाकतो, म्हणजे शेवटच्या काही क्षणांतले बदल जातात आणि त्यांच्यामुळे इतर गफलतीही होऊ शकतात. माउंट होतच नाही, नक्कल हातात आहे, तेव्हाच तो द्या. मोठ्या फाइल सिस्टिमला ही कमांड भरपूर रॅम मागते.

आणि बीटीआरएफएस?

'चेक'बरोबर 'रिपेअर' हा पर्याय आपणहून लावू नका, मॅन पेजही तेच बजावते. आधी रीड-ओन्ली आणि 'रेस्क्यू' पर्यायांनी माउंट करून पाहा. जमले नाही तर 'बीटीआरएफएस रिस्टोअर'ने माउंट न करताच फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि फाइल सिस्टिम नव्याने बनवा.

एफएससीकेनंतर लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डरमध्ये हजारो फाइली आल्या, नावे फक्त आकड्यांची. काय करू?

तो आकडा आयनोड क्रमांक आहे. फाइलचे नाव डिरेक्टरीत असते, फाइलमध्ये नसते. डिरेक्टरी गेली म्हणून नाव गेले. मालक, परवानग्या आणि बदलल्याची वेळ मात्र आयनोडमध्येच असल्यामुळे शाबूत राहतात आणि त्यांचाच आधार घ्यायचा.

आधी आकडी नावांच्या डिरेक्टऱ्या बघा. त्यांच्या आतल्या फाइलींची नावे सहसा जशीच्या तशी असतात. एकेका डिरेक्टरीत डोकावले की ती कोणाच्या होम फोल्डरची किंवा कोणत्या वेबसाइटची, हे दोन मिनिटांत कळते. मग सुट्या फाइलींवर 'फाइल' ही कमांड चालवून पीडीएफ, चित्रे, झिप, मजकूर असे ढीग करा. मालकाप्रमाणे आणि तारखेप्रमाणे पुन्हा वाटणी करा. जुन्या बॅकअपमधल्या फाइलींचे चेकसम काढून ताडले तर जुळणाऱ्या सगळ्या बाजूला काढता येतात आणि उरतात त्या बॅकअपनंतरच्या, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्या. काम किचकट आहे, पण यातून लोकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रे परत मिळतात.

रेडमधली (अनेक डिस्कच्या जोडसंचातली, म्हणजे अॅरेतली) एक डिस्क गेली. नवी लावून रीबिल्ड सुरू करू?

आधी बॅकअप ताजा आहे का ते पाहा आणि उरलेल्या डिस्कचा स्मार्ट अहवाल काढा. रीबिल्डमध्ये उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो. एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच बॅचच्या डिस्क साधारण एकाच सुमारास थकतात. रेड ५ मध्ये दुसरी डिस्क नेमकी रीबिल्डच्या वेळी खराब सेक्टर दाखवते ती यामुळेच.

कोणती डिस्क काढायची हे एसडीए-एसडीबी या नावांवरून ठरवू नका, रिबूटनंतर ती बदलू शकतात. सीरियल नंबर पाहा. चुकून चांगली डिस्क ओढली गेली की बिघाड दुप्पट होतो.

दोन डिस्क एकदम बाहेर पडल्या आणि अॅरे उभी राहत नसेल तर एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या कमांडच्या 'एक्झामिन'ने प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट लिहून घ्या. आकडे जवळजवळ असतील तर 'असेम्बल' आणि 'फोर्स'ने ती बहुधा उठते. 'क्रिएट' ही कमांड या प्रसंगी चालवूच नका. डिस्कचा क्रम, चंक साइझ किंवा डेटा ऑफसेट जरा जरी वेगळा पडला तर अॅरे उभी राहिल्यासारखी दिसते आणि आत भुसा असतो.

घरगुती वापराच्या डिस्क रेडमध्ये लावल्या असतील तर आणखी एक अडचण येते. खराब सेक्टर सापडला की अशी डिस्क बराच वेळ एकटीच झगडत बसते. कर्नल ठरावीक ३० सेकंद थांबतो आणि लिंक रीसेट करतो. अशाने चांगली डिस्कही अॅरेतून बाहेर फेकली जाते. डिस्क मानत असेल तर स्मार्टसीटीएलच्या 'एससीटीईआरसी'ला ७० हा आकडा द्या, म्हणजे ती ७ सेकंदांत हार मानेल. मानत नसेल तर कर्नलची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवा. बऱ्याच डिस्क रिबूटनंतर ही सेटिंग विसरतात, त्यामुळे ती सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये हवी.

सर्व्हर क्लाउडवर आहे आणि कन्सोलमध्ये काही करता येत नाही.

व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घ्या. त्यावरून नवा व्हॉल्यूम बनवा, तो दुसऱ्या चालू मशीनला जोडा आणि दुरुस्ती तिथे करा. दोन्ही मशीन एकाच इमेजमधून बनल्या असतील तर एक्सएफएस सारख्या यूयूआयडीमुळे माउंट व्हायला नकार देते, तेव्हा 'नोयूयूआयडी' पर्याय द्या.

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हाही फाइल सिस्टिमचा बिघाड का?

नाही. डीएफमध्ये (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा मोकळी दिसत असेल तर डीएफला 'आय' पर्याय द्या. लाखो बारीक सेशन फाइली साचल्या की आयनोड संपतात. उलट डीयूचा (फाइलींच्या आकारांची बेरीज करणारी कमांड) हिशेब कमी आणि डीएफचा जास्त येत असेल तर पुसलेली पण अजून कुठल्या तरी प्रोसेसने उघडी ठेवलेली लॉग फाइल शोधा, एलएसओएफच्या '+एल१'ने ती दिसते. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते.

एफएससीके स्वच्छ आहे. डेटाबेस सुरू करू का?

सुरू करण्याआधी सेवा बंद असताना डेटाची पूर्ण डिरेक्टरी वेगळी काढून ठेवा. फाइल सिस्टिम सुसंगत आहे याचा अर्थ डेटाबेसच्या पानांमधला मजकूर बरोबर आहे असा होत नाही.

मायएसक्यूएलचे इनोडीबी उठत नसेल तर 'फोर्स रिकव्हरी'चा आकडा १ पासून एकेक वाढवा. ३ पर्यंत तुलनेने सुरक्षित. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. ज्या पातळीवर उठेल तिथे डंप काढा, आणि नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा. त्याच फाइलींवर पुढे काम चालू ठेवू नका.

पोस्टग्रेसच्या बाबतीत 'रीसेटवॉल' हा शेवटचा उपाय समजा. २०१८ मध्ये उघड झाले की लिनक्सवर एफसिंक (डेटा डिस्कवर उतरवण्याची विनंती) एकदा अपयशी ठरली आणि पुन्हा केली, तर दुसऱ्यांदा ती यशस्वी म्हणू शकते, जरी डेटा डिस्कवर पोचलेलाच नसला तरी. त्यानंतरच्या आवृत्त्या एफसिंक फसली की मुद्दाम कोसळतात आणि वॉलमधून (पोस्टग्रेसची बदलांची आगाऊ नोंद) सावरतात. त्यामुळे लॉगमध्ये त्या प्रकारचा 'पॅनिक' दिसला तर पोस्टग्रेसला दोष देऊ नका, डिस्क तपासा.

दुरुस्त केले तरी काही दिवसांनी पुन्हा तेच होते. डिस्कही नवी आहे.

रॅम तपासा. मेमटेस्ट रात्रभर चालवा. एकच चूक सापडली तरी ती पट्टी काढा. खराब रॅममधून गेलेला डेटा डिस्कवर चुकीचाच लिहिला जातो आणि डिस्क तो इमानाने जपते.

रॅम चांगली असेल तर विजेकडे वळा. उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात वीज जाते-येते आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली असते, अशा ठिकाणी हे हमखास होते. जर्नलमुळे (बदलांची आगाऊ नोंद) ईएक्सटी४ची रचना वाचते, फाइलमधला शेवटचा मजकूर वाचेलच असे नाही. जर्नल साधारण दर ५ सेकंदांनी पक्के होते. स्वस्त एसएसडीमध्ये वीज जाताना कॅश उतरवण्यापुरते कॅपॅसिटर नसतात आणि 'लिहिले' म्हणून कळवलेलेही हरवू शकते. यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडून, बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी व्यवस्था करा. नुसता यूपीएस लावला तर तो बिघाड फक्त वीस मिनिटे पुढे ढकलतो.

पुढच्या वेळी आधी कळावे म्हणून काय लावून ठेवू?

स्मार्टडी आणि एमडीएडीएमचा मॉनिटर, दोन्ही मेल पाठवतात. मेल खरोखर पोचते का ते दोघांच्याही टेस्ट पर्यायाने आजच पाहा. मेल त्याच सर्व्हरवरच्या रूट वापरकर्त्याच्या पेटीत साचत राहते आणि कोणी ती उघडत नाही, हा प्रकार फार ठिकाणी आहे. रेडची महिन्यातून एकदा पूर्ण तपासणी व्हावी, डेबियन ती पहिल्या रविवारी स्वतःच करते. ईएक्सटी४ सुपरब्लॉकमध्ये चुकांची संख्या आणि पहिल्या चुकीची वेळ लिहून ठेवते, आणि एफएससीके होईपर्यंत रोज एकदा कर्नल लॉगमध्ये त्याची आठवण करून देते. 'एरर काउंट सिन्स लास्ट एफएससीके' ही ओळ लॉगच्या पहाऱ्यात घाला. एन्क्रिप्टेड डिस्क असेल तर लक्सच्या (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) हेडरची प्रत दुसरीकडे ठेवा, तो गेला तर पासवर्ड माहीत असूनही काही मिळत नाही.

खराब डिस्क वॉरंटीत बदलून मिळते. पण तिच्यात लोकांचा डेटा आहे.

नकलेवर सर्व्हर नीट चालतो आहे आणि लोकांनी आपापल्या फाइली उघडून पाहिल्या आहेत, हे झाल्याशिवाय डिस्क देऊ नका. डिस्क लिहू देत असेल तर सिक्युअर इरेज किंवा सगळ्या डिस्कवर एकदा शून्य लिहून ती पुसा. बदली दिलेल्या जुन्या सेक्टरांत उरलेले तुकडे नुसते शून्य लिहून जात नाहीत, म्हणून सिक्युअर इरेज बरे. सुरुवातीपासून लक्स असेल तर हेडर पुसला तरी पुरते.

लिहूच देत नसेल आणि तिच्यात रुग्णांची, विद्यार्थ्यांची किंवा ग्राहकांची माहिती एन्क्रिप्ट न केलेली असेल, तर वॉरंटीचे पैसे सोडा. डिस्क कार्यालयात कुलपात ठेवा किंवा प्लॅटर नष्ट करून घ्या, आणि डिस्कचा सीरियल नंबर व तारीख नोंदवहीत लिहा.